सासऱ्यांच्या समुद्रात अनारसं

साताऱ्यात पेन्शनीवर आलेली मानसं गल्लोगल्ली, पर सगळी पायदळातली. कोन सोप्यात मेडलं टांगायचा, कोन बंदूक धरल्याला फोटू. आमचं सासरं नेव्हीत हुतं. त्यांनी सोप्यात समुद्रच आनून ठेवला हुता.

समुद्र म्हंजे काचेची पेटी. लोखंडी पट्टीच्या चौकटीत काचा बसवल्याल्या, लांबीला आमच्या बैलगाडीच्या निम्मी. खाली वाळू, वर पिवळा बल्ब, कोपऱ्यात बुडबुडं काढनारं मुंबईचं यंत्र. ते यंत्र दीसरात घुर्र करायचं. मी लग्नानंतर पयल्यांदा मुक्कामाला गेलो तवा सकाळी उठून सासूबाईंना म्हनलो, "मामी, मामा लय घोरत्यात. वैद्याला दावा कुनाला तरी."

मामी म्हनाल्या, "आवं, ह्ये कालपास्नं पुन्याला हायत."

आमी आष्ट्याकडचं. घरचा ऊस, आन मी चौथी नापास. नापास म्हंजे परीक्षेलाच गेलो न्हवतो. त्या दिवशी म्हस सुटली हुती, तिच्यामागं गेलो. म्हस सापडली तवर परीक्षा संपल्याली, आन मी काय परत शाळेकडं गेलो न्हाई. समुद्र तर चित्रातबी बघितला न्हवता. पेटीतलं पानी खारं असतंय म्हनल्यावर मी मामांना इचारलं हुतं, "मीठ रोज घालायला लागतंय का आठवड्यानं?" मामा बराच येळ माझ्याकडं बघत ऱ्हायलं. बघत म्हंजे काय, त्यांच्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हुता. त्यास्नी मी धुरात उभा राहिल्यासारखाच दिसत असनार. लगीन जमायला त्येचा मला लय उपेग झाला.

पेटीत दोन मासं हुतं, काळं-पिवळं पट्ट्यापट्ट्याचं. पर मामांचा जीव हुता दगडावर. नारळाएवढा दगड, आन त्येच्यावर सगळीकडनं सदऱ्याच्या बटनाएवढी तोंडं. ती जिवंत असत्यात, दगडाला चिकटून जलमभर ऱ्हात्यात. पानी मनासारखं असलं की उघडून फुलं व्हायची. पानी बिघडलं की मिटायची, मंग नुसता मळकट दगड. रत्नागिरीकडं मामांचा एक नेव्हीतला जोडीदार हुता. त्यानं ओहोटीला खडकावरनं काढून बादलीतनं स्वता आनून दिला. पर दगड घरात आला तवर मामांचं डोळं गेल्यालं. जोडीदार सांगून गेला, मधी नारिंगी, भवतीनं हिरवं, तंतोतंत फूल. मामांना नुसता डाग दिसायचा. चाचपून बघावं तर हात लागला की मिटतंय. जोडीदार पुढं लेकाकडं दिल्लीला गेला, त्यामुळं दुसरा दगड कोन देनार न्हवतं.

मामांनी ठरवल्यालं, डोळ्याचं आपरेशन झालं की पयला दगड बघायचा. बाकीचं जग बघून झालंय म्हनायचं. पुन्याला लष्कराच्या दवाखान्यात नंबरबी लागला हुता. पर मधी धोंड्याचा महिना आला, आन मामींनी आडवं लावलं. धोंड्याच्या महिन्यात डोळ्याला सुरी लावायची न्हाई. महिना सरू दे, मंग काय कापायचं ते कापा.

धोंड्याचा महिना तीन वर्सांनी येतो, ज्यादाचा. त्या साली उन्हाळ्यातच आला. ह्या महिन्यात जावयाला बोलवून जेवू घालायचं, कापडं करायची आन तीस न तीन अनारशांचं वान द्यायचं. अनारसं म्हंजे तांदळाचं पीठ, गूळ, वरनं खसखस, आन तुपात तळल्यालं. उसाला पानी देऊन झाल्यालं, रानात काय काम न्हवतं. मी कारभारनीला घेऊन आठ दिवसांचा म्हनून गेलो.

जावयाचा पाट सोप्यात, पेटीला लागून. ती मानाची जागा. आमच्या भागात जावयानं ताटात टाकायचं नसतंय आन नकोबी म्हनायचं नसतंय. नको म्हनलं की वाढनारीला वाटतं लाजतंय, आनखी वाढा. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढत्यात. मामींनी माझ्या हातावर एकदा कडत आमटी वाढली, आन वर म्हनाल्या, "बघा, आता तरी घेतली का न्हाई."

सुरवातीला मी खाल्लं. खादाड म्हनून गावात माझं नाव हुतंच. पर तीन दिवसांनी मला पाटावरनं उठताना भिंत धरायला लागली. सकाळी पुरनपोळी, दुपारी भजी-कुरडया, संध्याकाळी दुधात अनारसं, आन मधनं कोन शेजारीन आली तर तिच्या म्होरं परत एकदा. मामी म्हनायच्या, "पावनं लाजत्यात." मी लाजत न्हवतो, मी फुटत हुतो.

मामा शेजारच्या पाटावर. त्यास्नी दिसत न्हवतं. मामी सैपाकघरात वळायच्या. माझ्या उजव्या हाताला पेटी, उकाडा म्हनून वरची फळी अर्धी सरकवल्याली. मी अनारशाचा तुकडा मोडला आन सोडला आत. दोनी मासं वळवळत आलं आन गपागप खाऊन मोकळं. माझ्या जिवाला एवढं बरं वाटलं! म्हनलं गड्या, ह्या घरात आपल्याला दोन भाऊ मिळालं. मंग पोळीचं काठ गेलं, भजी गेली, पुरनाची गोळी गेली. तूपबी जात असनार, ते काय मी बघितलं न्हाई.

मामी रिकामं ताट बघून खूश. मामा म्हनायचं, "पावनं, तुमी नेव्हीत असता तर बोट निम्म्या वाटंतनं परत आनायला लागली असती. रेशन संपलं म्हनून."

"घरचं जेवान गोड लागतंय, मामा," मी म्हनायचो.

कारभारीन तेवढी बघायची माझ्याकडं. तिला म्हाईत हुतं, घरी मी दोन भाकरीच्या वर जात न्हाई.

मासं भोपळ्यासारखं फुगलं. मंग तुकडा टाकला तरी वर येईनात, नुसतं बघायचं. माझ्यावानीच झालं त्यांचं. मी तरी टाकतच ऱ्हायलो, कारन मामी वाढतच ऱ्हायल्या. हळूहळू पानी पिवळसर पडलं. काचेला हिरवा बुरा चढला. वास यायला लागला, गव्हानीत भिजल्याला कडबा कुजला की येतो तसा. मामांना डोळं न्हवतं पर नाक हुतं.

"पावनं, दगड बघा जरा. उघडलाय का?"

मी बघितलं. सगळी बटनं मिटल्याली. "झोपलाय, मामा."

"दिवसाढवळ्या?"

"दुपार हाय की. मीबी आता आडवाच हुनार हाय."

दुसऱ्या दिवशी परत इचारलं. मी म्हनलं, कड बदलली असंल. मामांनी काठी जमिनीवर आपटली.

"पावनं, चेष्टा ऱ्हाऊ द्या. उघडलाय का न्हाई तेवढं सांगा."

"न्हाई, मामा."

मामा खाली बसलं. मंग मामींकडं तोंड करून म्हनालं, "दगड मेला तर आपरेशन कशाला करायचं? ह्या भिंती बघायला? त्या मला पाठ हायत."

महिना सरायला अजून पंधरवडा हुता. कारभारीन मला आत घेऊन गेली आन म्हनाली, "आवं, तुमी जेवताना हात कुठं कुठं घालता?"

मी म्हनलं, "ताटात."

"आन?"

मी म्हनलं, "पानी प्यायला दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी तळ उपसायला काढला. रबरी नळीचं एक टोक वाळूत, दुसरं तोंडात धरून वढायचं, पानी आलं की बोट लावायचं आन टोक बादलीत सोडायचं. त्यांनी मला तीनदा सांगितलं, तोंडात येऊ द्यायचं न्हाई. मी वढलं आन घोट पोटात गेला. सगळ्या दुनियेतली नासकी आमटी एका घोटात प्यालो म्हना. मामा म्हनालं, "कसंय?" मी म्हनलं, "मीठ बरोबर हाय."

नळीतनं काळा गाळ बादलीत आला. मामांनी बाह्या सारून गाळात हात घातला. बोटांत चिमूट घेऊन चोळली. नाकाला लावली. परत चोळली.

"ह्ये काय बारीक-बारीक?"

मी बादली उचलाय लागलो.

"खसखस हाय ही." मामा लय शांत बोललं. "पावनं, मी आंदमानपास्नं एडनपातुर समुद्र बघितलाय. खसखस कुठं पिकत न्हाई."

आता काय सांगनार? माशानं बाजारातनं आनली म्हनू? मी म्हनलं, "मीच टाकली, मामा. नुसती खसखस न्हाई, त्येच्याखाली अनारसंबी हुतं. पोटात जागा न्हवती आन ताटात टाकायची सोय न्हवती."

मामा काय बोलायच्या आत दारातनं मामी बोलल्या. हातात झारा तसाच.

"माझं अनारसं? माशाला घातलं?"

"थोडं, मामी."

"थोडं म्हंजे?"

"म्हंजे... ज्या दिवशी तुमी म्हनलात, पावन्यांनी सगळं संपवलं, त्या दिवशी."

"रोजच म्हनलं की मी!"

मी मान खाली घातली. मामी रडत्यात का काय वाटलं. त्या म्हनाल्या, "मासं तरी म्हनलं का, अनारसं जमल्यात म्हनून?" कारभारनीनं पदर तोंडात कोंबला. मामाबी हसलं, पर हसून झाल्यावर बादलीतल्या गाळाकडं तोंड करून बसलं ते उठलं न्हाईत.

मंग त्यांनी मला समजावलं. उरल्यालं अन्न वाळूत कुजतं. कुजलं की इख होतं. वाळूत बारीक जीव असत्यात, ते त्या इखाचं खत करत्यात. इख गेलं म्हनून मासं जगत्यात, पर खत पान्यातच ऱ्हातं, कुठं जात न्हाई. मासा सोसतो. दगडावरच्या जिवाला खत चालत न्हाई. "उपाशी ठेवून मासा मरत न्हाई, पावनं. खाऊ घालून मरतो."

मी म्हनलं, "जावईबी."

"तुमी जिवंत हाय. दगडाचं बोला."

पान्यात खत नेमकं किती ते कळंना. मला तवाच आष्ट्याला जायाचं हुतं, उसाला पान्याची पुढची पाळी द्यायला. सांगलीला माती-पानी तपासायचं सरकारी हापीस हुतं, शेतकरी तितं हिरीचं पानी न्यायचं. मामांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीत पेटीतलं पानी भरून दिलं. "खरं काय ते सांगा तितं," म्हनालं.

जायच्या आधी म्हनलं कायतरी चांगलं करून जावं. घरात सगळी झोपल्याली बघून दुपारी नारळाची शेंडी घेतली आन काचंवरचा हिरवा बुरा घासून काढला. चकाचक. माझं तोंड दिसाय लागलं काचंत. तेवढंच नको हुतं.

सांगलीच्या हापिसात लायनीत सगळी शेतकरी मानसं. त्यांच्या म्होरं काय सांगू, सासऱ्याच्या पेटीतलं पानी हाय, मासं आजारी हायत? मी म्हनलं हिरीचं. परत निकाल न्यायला गेलो तर साहेबानं मला एकट्याला आत बोलवलं.

"ही विहीर कुणाची?"

"सासऱ्यांची."

"कुठं आहे?"

"साताऱ्यात."

"साताऱ्यात इतकं खारं पाणी? अहो, या पाण्यावर ऊस सोडा, बाभूळसुद्धा जगणार नाही. मिठामुळं आकडा नक्की सांगता येत नाही, पण नायट्रेटही भरमसाट आहे. कुणी युरियाची पोती टाकलीत का हिच्यात?"

"युरिया न्हाई, साहेब. अनारसं."

साहेबानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मंग मला सगळं सांगायला लागलं, पाटापास्नं बादलीपातुर. मधीच त्यानं शेजारच्या खोलीतल्या दोघांना हाक मारली आन मला म्हनाला, पहिल्यापासून सांगा. दुसऱ्यांदा मी जरा रंगवून सांगितलं. हसून झाल्यावर साहेब कामाचं बोलला.

"तुमच्या उसाला खत जास्त पडलं तर तुम्ही काय करता?"

"शेजाऱ्याला सांगत न्हाई."

"तसं नव्हे. खत आपणहून जात नाही. एकतर ते पाणी काढायचं आणि नवं घालायचं. तेही थोडं थोडं. एकदम बदललंत तर तो जीव दगावेल. नाहीतर त्यावर पीक घ्यायचं. पाण्यात हिरवं काही वाढतंय का? शेवाळासारखं?"

"वाढत हुतं, साहेब."

"हुतं म्हणजे?"

"मी येताना घासून टाकलं."

साहेब परत चष्मा काढनार हुता, मी उठलो.

साताऱ्यात येऊन मामांना सांगितलं. त्यांनी काचंवर बोट फिरवलं. गुळगुळीत. "म्हंजे खत घातलंत तुमीच, आन खत खानारं पीक उपटलंतबी तुमीच."

"मामा, आमच्या रानात म्हनूनच कवा उसाचा उतारा येत न्हाई."

आता नवं पानी पायजे, आन हिरवंबी पायजे. दोनी समुद्रातनं. मामा पयलं बाजारपेठेतल्या गुळाच्या ट्रकवाल्याकडनं पानी मागवायचं, पर तो ड्रायव्हर गाव सोडून गेल्याला. नवा ड्रायव्हर म्हनाला, मानूस द्या, मी काय पानी भरत बसनार न्हाई. मानूस म्हंजे मीच. मामींनी लोनच्याच्या रिकाम्या बरन्या घासून, उन्हात तापवून दिल्या. मामांची ऑर्डर हुती, पितळंचं, तांब्याचं भांडं न्यायचं न्हाई. तांब्याचा अंश लागला तरी दगड मरतो. मामी बरन्या देताना एवढंच म्हनाल्या, "ह्यात माशाचं जेवान आनू नका म्हंजे झालं."

गुळाच्या ढेपांवर बसून मी पाटन, कोयना, कुंभार्ली घाट करत चिपळूनला उतरलो. ड्रायव्हर गूळ उतरवून झोपला. एका पुलाखाली पानी दिसलं, एवढं रुंद की बास. वर होड्याबी हुत्या. मी बोट बुडवून चाटलं, खारट. म्हनलं ह्योच समुद्र. उपरन्यानं गाळून बरन्या भरल्या, फडकी बांधली, आन ट्रकमधी दोनी हातांनी कवटाळून बसलो. घाटात एक बरनी मांडीवर सांडली. घरी आलो तर मामी म्हनाल्या, "पावनं, पयलं आंगुळ करा."

पानी पेटीत घालायच्या आधी मामांनी एक काचेची नळी काढली. ती मी लगीच वळखली. डेअरीत दूध मापायची नळी! दुधात पानी असंल तर जास्त खोल बुडती. चांगलं दूध आन समुद्राचं पानी वजनाला जवळजवळ सारखंच असतंय म्हनं, म्हनून मामा त्याच नळीवर काम भागवायचं. आमच्या गावच्या डेअरीत त्या नळीनं माझी दोनदा आब्रू घेतल्याली, त्यामुळं ती दिसली की मी आजबी दोन पावलं मागं सरतो.

मामांनी नळी बरनीत सोडली. आकडा वाचायला कारभारीन. नळी खाली-खाली-खाली गेली आन गळ्यापातुर बुडली.

"पावनं," मामा म्हनालं, "पानी घातलंत?"

"आईशप्पत मामा, ह्या बारीला न्हाई."

"कुठनं भरलंत?"

"पुलाखालनं."

"ती खाडी. नदीचं पानी मिसळतं तितं."

"मंग समुद्र वळखायचा कसा?"

मामा म्हनालं, "पलीकडचा काठ दिसला तर तो समुद्र न्हवं."

परत गेलो. ड्रायव्हर म्हनाला, "का वं पावनं, सातारच्या तळ्यात पानी आटलं का?" मी म्हनलं, सासऱ्यानं हुंड्यात समुद्र द्यायचा कबूल केलाय, हप्त्यानं न्यायला लागतोय. चिपळूनवरनं एष्टीनं थेट गुहागरला गेलो. तितं मामांनी सांगितल्याप्रमानं पलीकडचा काठ बघितला. दिसंना. खात्री करायला म्हनून आनखी बराच येळ उभा ऱ्हायलो. लय पानी. एवढं पानी असून एका थेंबाला ऊस यायचा न्हाई, ह्येचंच मला जास्त वाईट वाटलं.

उपरनं लावून बरन्या भरताना एक मासळीवाली बाई उभी राहून बघत हुती. "लोणचं घालतोस काय समुद्राचं?"

"व्हय मावशी. सासरा आजारी हाय."

तिनंच मला खडकावरचं हिरवं दाखवलं. कोबीच्या कोवळ्या पानासारखं, पर कागदापरीस पातळ. ते एका बरनीत घेतलं. ह्या खेपेला नळीनं माझी लाज राखली, कारभारनीनं वाचल्याला आकडा ऐकून मामांनी मान डोलावली.

मंग सुरू झालं काम. दोन दिसाआड एक बरनी जुनं पानी काढायचं, एक बरनी नवं घालायचं. मामा वरनं बघायचं, म्हंजे ऐकायचं. मी भसकन वतलं की म्हनायचं, "पावनं, म्हशीला न्हाई धूत." मासं उपाशी. दोन दिसातनं चिमूटभर, तीबी मामांच्या हातानं. हिरवं पान खिडकीच्या बाजूला सोडलं, ऊन यायचं तितं. ते दनकून वाढाय लागलं. आमच्या उसाला असलं खत कवा मिळालं न्हाई. वाढलं की निम्मं काढून टाकायचं. मी पयल्यांदा काढल्यालं मामींच्या कडीपत्त्याच्या बुडाला घातलं, चांगलं खत म्हनून. त्यात मीठ असतंय ह्ये माझ्या ध्यानात आलं न्हाई, कडीपत्त्याच्या आलं.

माझा पाट मामींनी पेटीपास्नं उचलून पार पलीकडच्या भिंतीला नेला. आन वाढाय लागल्या निम्मं. पयल्यांदा त्या घरात माझं पोट बेतानं भरलं, आन कुनाला सांगायची सोय न्हाई.

पर दगड मिटल्यालाच. मामा रोज सकाळी इचारायचं. मी न्हाई म्हनायचो. चेष्टा करायचं सोडून दिल्यालं मी. महिना सरला. पुन्याची तारीख जवळ आली. मामा पिशवी भरायला तयार न्हाईत. मामी म्हनाल्या, "मुहूर्ताचं माझं झालं, आता तुमचं काय?" मामा म्हनालं, "अजून दोन दीस बघू." डोळ्याच्या डाक्टरला ह्यांच्या दगडाचं काय! परत नंबर कवा लागनार, कुनाला ठावं.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी खिडकी उघडली आन पेटीत वाकून बघितलं. खिडकीच्या अंगाला कायतरी हिरवं दिसलं. म्हनलं कोबीचं पान चिकटलं असंल. नीट बघितलं तर पान न्हवं. बटनं उघडल्याली. मधी नारिंगी, कडंनं बारीक हिरव्या पाकळ्या. भिंतीच्या अंगाला काय न्हाई, ती बाजू चुन्यासारखी पांढरी पडल्याली.

"मामा! उघडलाय!"

"पावनं, सकाळी-सकाळी नको."

"आईशप्पत. खिडकीकडचा निम्मा. भिंतीकडचा मेलाय, ते खोटं सांगत न्हाई. पर निम्मा उघडलाय."

मामांनी माझ्यावर इश्वास ठेवला न्हाई. कसा ठेवतील? त्यांनी लेकीला हाक मारली. "बाळ, तू बघ. ह्येंचं सोड." कारभारीन वाकली, बघितलं, आन म्हनाली, "व्हय आबा. उघडलाय." मंग मामा उठलं आन पिशवीत धोतर घालाय लागलं.

मामा पुन्याला गेलं तवा पेटी माझ्या ताब्यात. मामी आन कारभारीन दोघी मिळून माझ्या हातांकडं बघायच्या. मी हात मागं बांधूनच पेटीजवळनं जायाचो. भावाचा निरोप आला, उसात तन माजलंय. मी कळवलं, हितं दगडात अडकलोय. तो काय समजला कुनाला ठावं, परत निरोप आला न्हाई.

मामा आलं ते बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा लावून. दारात मी पिशवी घ्यायला म्होरं झालो. त्यांनी मला खालनं वरपातुर बघितलं, सावकाश. मंग मामींना म्हनालं, "ह्येच का पावनं?"

"ह्येच की," मामी म्हनाल्या.

"मी उंच समजत हुतो," मामा म्हनालं. कारभारीन आत पळाली. मी म्हनलं, "मामा, आता परत करायला येत न्हाई, वापरलाय."

त्यांचं ध्यान न्हवतं. ते पेटीकडं गेलं. खुर्ची वढून काचंला नाक लागंल एवढं जवळ बसलं. मी हिकडनं उभा, मामी तिकडनं. आधी त्यांनी मेल्याली बाजू बघितली, पांढरी.

"ह्येवढं गेलं?"

"व्हय, मामा."

"तुमी निम्मं म्हनाला हुतात. निम्म्याच्या वर गेलंय ह्ये."

"शेतकऱ्याचा अंदाज, मामा. नुकसान आमी नेहमी कमीच सांगतो, न्हाईतर सावकार..."

"गप बसा जरा."

मामांनी मान वाकडी करून खिडकीकडची बाजू बघितली. चष्म्याच्या आत डोळं केवढं तरी मोठं दिसत हुतं. एकएक फूल बघत असनार, कारन मान एका दमात हलत न्हवती, थोडी हलायची, थांबायची, परत थोडी हलायची. मंग ओठातल्या ओठात म्हनालं, "हिरवं न्हवं सगळं. कडंला जांभळं हाय. जोडीदारानं जांभळं सांगितलंच न्हवतं मला."

मी बघायला म्होरं वाकलो. एवढे दिवस रोज बघत हुतो, मला कवा जांभळं दिसलं न्हवतं.

"पावनं," मामा काचंवरनं नजर न काढता म्हनालं, "बाजूला सरा. उजेड आडतोय."